निष्प्रयोजन खेळ आणि सुशिक्षित घर

ज्या कृतीनें कोणाचें पोट भरत नाहीं, जिच्यापासून ज्ञान वाढेलच अशी खात्री नाहीं, आणि जिचें फळ चार दिवसांत वाळून केरांत जातें, ती कृति शहाण्या माणसानें करावी काय, हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांत मोठमोठ्या नांवांनीं येतो. गेल्या कांहीं वर्षांत मात्र तो आमच्या घरांतील स्वयंपाकाच्या ओट्यावर एका अगदीं क्षुद्र वस्तूच्या रूपानें येऊन बसला आहे. त्या वस्तूस मुलें ‘स्लाइम’ म्हणतात. मराठींत तिला अजून नांव मिळालेलें नाहीं. चिकट, बुळबुळीत, लिबलिबीत, गिळगिळीत अशीं विशेषणें आपल्या भाषेंत विपुल आहेत. परंतु तीं सारीं नाक मुरडण्याच्या कामीं खर्ची पडलीं, कौतुकासाठीं त्यांतलें एकही शिल्लक राहिलें नाहीं. म्हणून मुलांचाच शब्द आम्ही येथें चालवून घेतों.

ज्यांनीं हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठीं कृति सांगतों. लांकूडकामास लागणारा पांढरा गोंद, फेविकॉल म्हणून जो घरोघर ओळखला जातो तो किंवा त्या जातीचा, वाटीभर घ्यावयाचा. त्यांत थोडें पाणी व आवडेल तो रंग कालवावयाचा. मग टांकणखार, ज्यास कोणी सवागी म्हणतात, कोमट पाण्यांत विरघळवून तें पाणी चमच्याचमच्यानें घालीत ढवळावयाचें. पाहतां पाहतां पातळ गोंद भांड्याच्या कडा सोडतो आणि चमच्याभोंवतीं एक लवलवीत गोळा जमतो. हा गोळा सावकाश ओढला तर हातभर लांबतो, झटका दिला तर तुटतो, आणि ताटलींत ठेवून दिला तर आपण होऊन पसरतो. याचें कारण असें कीं, गोंदाचे रेणु लांबच लांब सांखळ्यांसारखे असतात. टांकणखारांतील बोरेटचे कण त्या सांखळ्या जागोजाग एकमेकींस बांधतात. परंतु ह्या गांठी कायमच्या नसतात, सुटतात आणि पुन्हा बसतात. सुटण्यास अवधि दिला तर पदार्थ द्रवासारखा वागतो, न दिला तर घनासारखा. घनपणा वस्तूच्या अंगीं किती आणि पाहणाराच्या सबुरींत किती, हा विचार शास्त्रज्ञांसही सुचलेला आहे. १९६४ मध्यें मार्कस रायनर यांनीं अशा पदार्थांच्या अभ्यासांतील एका गुणोत्तरास बायबलांतील डेबोरा या स्त्रीचें नांव दिलें, कारण तिच्या गीतांत डोंगर वाहिल्याचा उल्लेख आहे. पुरेसा काळ थांबल्यास डोंगरही द्रवच.

सातपुडा आणि तापी यांच्यामध्यें कपाशीच्या काळ्या जमिनींत वसलेल्या आमच्या शिरपुरांत आतां अभियांत्रिकी व औषधनिर्माणशास्त्र यांचीं महाविद्यालयें आहेत, आणि त्यांच्या योगानें गांवांत सुशिक्षितांचीं घरेंही पुष्कळ झालीं आहेत. अशा घरांतील आईबापांस प्रयोजनाची संवय जडलेली असते. मूल चित्र काढूं लागलें कीं चित्रकलेची परीक्षा, गाऊं लागलें कीं गाण्याची परीक्षा, धांवूं लागलें कीं जिल्ह्याची स्पर्धा, असा त्यांच्या विचाराचा ओघ आपोआप वळतो. स्लाइमची परीक्षा अद्याप निघालेली नाहीं, म्हणून ह्या मंडळींची मोठी अडचण होते. मग तीं समर्थनें शोधतात. ह्यांतून रसायनशास्त्राची गोडी लागते. बोटांस व्यायाम होऊन अक्षर सुधारतें. आणि हें नसतें तर मूल मोबाइल घेऊन बसलें असतें. हीं समर्थनें खोटीं आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. पण बोटांस व्यायाम कणीक मळूनही होतो, आणि वर पोळ्या मिळतात. आमचा प्रश्न निराळा आहे. उद्यां कोणी निर्विवाद सिद्ध केलें कीं, स्लाइम करून एकाही मुलाचें अक्षर सुधारलें नाहीं व एकही मूल रसायनशास्त्राकडे वळलें नाहीं, तर आपण हा खेळ बंद करूं काय? ज्याचें उत्तर ‘होय’ असेल त्यानें मुलास खेळूं दिलेंच नव्हतें. त्याच्याकडून एक काम करवून घेतलें, आणि त्यास खेळाचा रंग लावला.

गांवांतल्याच एका परिचित घरीं आम्ही हा प्रकार जवळून पाहिला. रंगाच्या बाटल्या संपल्या होत्या, म्हणून आठ वर्षांच्या मुलीनें मिसळणाच्या डब्यांतली हळद गोंदांत घातली. गोंद पिवळाधमक झाला. टांकणखाराचें पाणी पडतांच तो पिवळा रंग तांबूस होऊं लागला, आणि ढवळतां ढवळतां गोळा विटकरी तांबडा होऊन बसला. वडील विज्ञानाचे पदवीधर. त्यांनीं तेथेंच आम्ल आणि अल्कली यांचें व्याख्यान सुरू केलें. आजी दारांतून म्हणाल्या, ‘‘अगं बाई, हें तर कुंकवासारखें झालें! आमच्या माहेरीं हळकुंडांना लिंबाचा रस आणि सवागी लावून कुंकू घरींच करीत.’’ दोन्ही गोष्टी ऐकण्याजोग्या होत्या. मुलीनें दोन्ही ऐकल्या नाहींत. तिनें दुसरी वाटी पुढें ओढली, तींत हळद कालवली, आणि वडिलांच्या चमचा धरलेल्या हातावर आपला हात ठेवून म्हणाली, ‘‘बोलूं नका. आतां हळूहळू घाला.’’

आम्ही प्राध्यापक असल्यामुळें आमच्या मनांत प्रथम काय आलें हें वाचकांनीं ओळखलेंच असेल. ‘पाहा, मुलगी प्रयोगाची पुनरावृत्ति करते आहे! हीच शास्त्रीय वृत्ति!’ परंतु थोडा विचार करतां असें दिसेल कीं, हेंही त्या जुन्या संवयीचेंच एक रूप आहे. तिचे वडील तिच्या खेळांत पाठ घालूं पाहत होते. आम्ही तिच्या खेळांतून पाठ काढूं पाहत होतों. पिवळ्याचें तांबडें होतांना पाहणें सुंदर होतें, म्हणून तिला तें पुन्हा पाहावयाचें होतें, एवढेंच कारण पुरेसें कां होऊं नये? सूर्यास्त पाहावयास जाणाऱ्या माणसास आपण ‘ह्यांतून खगोलशास्त्राचा अभ्यास किती होईल?’ असें विचारीत नाहीं.

येथें कोणी जुन्या वळणाची बाई म्हणेल, ‘आमच्या वेळीं हीं थेरें नव्हतीं.’ हें कितपत खरें आहे तें तपासण्यासारखें आहे. खानदेशांत चैत्र-वैशाखाच्या उन्हांत कुरडया होतात. गहूं तीन दिवस भिजत घालावयाचे, रोज पाणी बदलावयाचें, मग वाटून, गाळून, खालीं बसलेलें सत्त्व घेऊन तें आधणांत घालून घोटावयाचें. त्या घोटण्यांतून जो चीक तयार होतो तो पाहिला आहे अशा माणसास स्लाइमचें नवल वाटण्याचें कारण नाहीं. तीच चकाकी, तेंच लोंबणें, तोच चमच्यास धरून राहण्याचा हट्ट. मुलें पातेल्याभोंवतीं घोटाळत. कोणी तो गरम चीक वाटींत घेऊन खाई, कोणी बोटांवर ताणून पाही, आणि सोऱ्यांतून पडणारी पहिली वांकडीतिकडी कुरडई त्यांच्याच वांट्यास येई. तेव्हां चिकट पदार्थ होता आणि खेळही होता. फक्त त्या खेळास स्वतंत्र नांव नव्हतें. मोठ्यांच्या कामाच्या कडेनें तो आपोआप सांडत असे, आणि मुलें तो वेंचीत. आज कुरडया पुड्यांत मिळतात, लोणचें बाटलींत मिळतें, शिंपी आणि सुतार दृष्टीआड झाले आहेत. घरांत हातांनीं होणारें काम उरलें नाहीं, म्हणून त्याच्या कडेनें सांडणारा खेळही उरला नाहीं, आणि जो पूर्वीं फुकट मिळे तो आतां गोंदाची बाटली विकत आणून मुद्दाम घडवावा लागतो.

असें असलें तरी गेलेल्या काळासाठीं गळा काढण्यास आम्ही तयार नाहीं. पारा चाळिसाच्या पुढें गेलेला, चूल पेटलेली, आणि हात न थांबवितां तो चीक घोटणारी बाई घामानें निथळत असलेली, हें चित्र पातेल्याच्या मुलांकडील बाजूनें जितकें रम्य दिसतें तितकें दांड्याच्या बाजूनें दिसत नसे. मुलांचा तो खेळ फुकट नव्हता. त्याचें मोल त्यांची आई देत होती. आज एखादी आई, आणि क्वचित् एखादा बापही, दोन्ही हात मोकळे ठेवून मुलासमोर बसतो व ‘आतां कोणता रंग घालूं या?’ असें विचारतो, ही आमच्या मतें मोठीच प्राप्ति आहे. मग त्या मोकळ्या झालेल्या हातांस पुन्हा उपयुक्ततेच्या दाव्यास कां बांधावें, हें आम्हांस कळत नाहीं.

प्रयोजनावांचून कृति होऊंच शकत नाहीं, असा एक जुना आक्षेप आहे. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादांत तो प्रत्यक्ष जगत्कर्त्यावर घेतलेला आहे. ज्यास कांहीं मिळवावयाचें नाहीं त्यानें जग कशासाठीं निर्माण केलें? बादरायणांनीं उत्तर दिलें तें लीलेचें. त्यावर भाष्य करतांना शंकराचार्यांनीं दोन दृष्टांत दिले आहेत: एक, सर्व इच्छा तृप्त झालेल्या राजाचा किंवा अमात्याचा, जो केवळ क्रीडेसाठीं विहार करतो, दुसरा, श्वासोच्छ्वासाचा, जो कोणत्याही बाह्य प्रयोजनावांचून स्वभावानेंच चालतो. अद्वैताच्या अभ्यासासाठीं श्रीमंत प्रतापशेठ यांनीं १९१६ मध्यें स्थापन केलेलें तत्त्वज्ञान मंदिर शिरपुराहून फार दूर नाहीं, तापी ओलांडून अमळनेरास आहे. तेव्हां हा विषय खानदेशास परका नव्हे. पण ह्या दोन दृष्टांतांत केवढें अंतर आहे इकडे आमच्या मतें पुरेसें लक्ष दिलें जात नाहीं. राजाची क्रीडा ही भरल्या पोटाची आहे. त्याच्या इच्छा तृप्त व्हाव्यात म्हणून दुसरे कोणी राबलेले असतात. श्वास मात्र राजा आणि भिकारी दोघेही सारखाच घेतात. मोठ्या माणसाचा खेळ बहुधा पहिल्या दृष्टांतांत बसतो. ॲरिस्टॉटलनें खेळास कामानंतरची विश्रांति, पुन्हा काम करतां यावें म्हणून घेतलेली, असें स्थान दिलें तें मोठ्या माणसाकडे पाहून दिलें. मुलाचा खेळ विश्रांति नव्हे, कारण तें थकलेलेंच नसतें. तो त्याचा श्वास आहे. शिलरनें १७९५ मध्यें प्रसिद्ध झालेल्या पत्रांत मनुष्य खेळतांनाच पुरा मनुष्य असतो असें म्हटलें, त्यांतील अतिशयोक्ति मुलांपुरती आम्ही मान्य करण्यास तयार आहों.

हा भेद केला म्हणजे दुसऱ्या एका, आणि अधिक बोचणाऱ्या, आक्षेपास उत्तर देतां येतें. शिरपूर तालुक्याच्या उत्तरेस सातपुड्यांत पावरा लोकांचे पाडे आहेत. तेथील मुलांच्या हातीं गोंदाच्या बाटल्या नाहींत. मग आपल्या मुलांनीं त्या बाटल्या चार घटकांच्या मौजेसाठीं ओताव्या, ही चैन नव्हे काय? बाटली ही चैन आहे, यांत शंका नाहीं. खेळ ही चैन नाहीं. नाल्याच्या कांठचा चिखल बोटांतून पिळून काढणारें मूल आणि रंगीत गोळा ओढणारें मूल हीं एकच गोष्ट करीत असतात. ताराबाई मोडकांनीं १९४५ मध्यें बोर्डीस आणि पुढें १९५७ पासून कोसबाडास जें काम उभें केलें त्यांतलें मर्म आम्ही हेंच समजतों. महागड्या साधनांवांचून बालशिक्षण नाहीं ही समजूत त्यांनीं व अनुताई वाघांनीं मोडली. शिंपले, बिया, पानें, माती यांवर काम भागविलें. जें मूल्यवान होतें तें साधनांत नव्हतें, असा त्याचा अर्थ होतो. तेव्हां ज्यास बाटलीची लाज वाटत असेल त्यानें बाटली खुशाल टाळावी. परंतु खेळाचीही लाज वाटून घेऊन त्याच्या गळ्यांत ‘शैक्षणिक’ अशी पाटी अडकवूं नये.

निष्प्रयोजन म्हणजे बेजबाबदार नव्हे, हें मात्र येथें स्पष्ट केलें पाहिजे. टांकणखार हा आपल्याकडचा जुना क्षार. तिबेटांतील सरोवरांच्या कांठून तो व्यापाऱ्यांच्या मार्गानें खालीं येई; सोनार डाग देतांना तो वापरतो; वैद्यांच्या रसग्रंथांत टंकण म्हणून त्याचें नांव आहे. एवढ्या परिचयामुळें तो निरुपद्रवी आहे असें पुष्कळांस वाटतें. तसें नाहीं. पोटांत गेल्यास तो अपाय करतो, आणि फार वेळ हाताळल्यास कित्येकांच्या कातडीस चुरचुर होते. कॅनडाच्या आरोग्यखात्यानें २०१६ मध्यें मुलांच्या घरगुती कलाकृतींत बोरिक आम्ल वापरूं नये असें जाहीर रीतीनें सुचविलें, आणि युरोपांत अशा चिकट खेळण्यांतून सुटणाऱ्या बोरॉनवर किलोमागें ३०० मिलिग्रॅमची मर्यादा घातलेली आहे. म्हणून टांकणखाराचें पाणी मोठ्या माणसानेंच करावें, तान्ह्या व तोंडांत वस्तु घालणाऱ्या मुलांस हा गोळा देऊंच नये, आणि खेळ संपल्यावर हात धुवावेत. चमकी घालण्याचा मोह मुलांस फार. ती चमकी प्लास्टिकची असते, व सुटी विकण्यास युरोपीय संघानें २०२३ च्या ऑक्टोबरांत बंदी केली. उरलेला गोळा मोरींत लोटूं नये हें तर सांगावयासच नको. ज्या तालुक्यांत २००४ पासून भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखालीं नाले खोल व रुंद करून, बंधारे घालून पाणी जमिनींत मुरविलें गेलें, तेथील घरानें तरी त्याच जमिनीकडे जाणाऱ्या पाण्यांत गोंद सोडतांना दोनदां विचार करावा.

खेळांत वडील माणसाचें कर्तव्य आमच्या मतें एवढेंच आहे: अपाय होऊं न देणें, आणि विचारलें तर खरें सांगणें. तिसरें कर्तव्य पुष्कळ पालक आपण होऊन अंगावर घेतात, तें म्हणजे खेळास साक्षीदार जमविणें. आतां मुलाच्या हातांतल्या गोळ्यासमोर मोबाइल उभा राहतो. ‘जरा इकडे धर, पुन्हा ओढ, हंस पाहूं,’ असे हुकूम सुटतात. ज्या मोबाइलपासून मुलास सोडविण्यासाठीं खेळ आणला असें सांगितलें होतें, त्याच्याच सेवेस तो खेळ लागतो. मूल मग गोळ्याकडे पाहत नाहीं. गोळा कसा दिसतो आहे तें पाहतें. परीक्षेपेक्षां हें आम्हांस अधिक अनिष्ट वाटतें, कारण परीक्षा वर्षांतून एकदां येते.

ह्या खेळाचा बाजारही आतां मोठा आहे, व त्यांत एक गंमत आहे. १९७६ मध्यें अमेरिकेंतील मॅटेल कंपनीनें लहानशा कचऱ्याच्या डब्यांत घालून जें हिरवें स्लाइम विकावयास काढलें, तें टांकणखार आणि गवारीच्या बियांच्या डिंकापासून केलेलें होतें. आपल्या मुलांनीं पानांत टाकलेली गवारीची भाजी आठवली म्हणजे ह्या बातमीचें महत्त्व त्यांस पटवून देण्याचा मोह होतो. तो आवरावा.

ज्यांस गोंद नको व टांकणखारही नको, त्यांच्यासाठीं मक्याचा मार्ग मोकळा आहे. आमच्याच जिल्ह्यांत दोंडाईचास मक्यापासून स्टार्च काढण्याचा कारखाना आहे. बाजारांत कॉर्नफ्लॉवर म्हणून जें पांढरें पीठ मिळतें तें हेंच. दोन वाट्या पिठांत सुमारें एक वाटी पाणी घालावें. मूठ आंवळली तर तें दगडासारखें घट्ट होतें, उघडली तर बोटांतून ओघळून जातें. बुक्की मारली तर हात वर राहतो, अलगद ठेवला तर बुडतो. खेळून झाल्यावर तें बादलीभर पाण्यांत कालवून झाडाच्या बुंध्याशीं ओतावें. रंगासाठीं फाल्गुनांत पळसाचीं फुलें उकळून घ्यावीं, एरवीं हळद आहेच. ह्या पिठांत हळद पिवळीच राहते; पण चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला कीं तीही तांबूस होऊं लागते. हें मात्र मुलांस आधीं सांगूं नये.